फाटकाजवळची पुडी

"फाटकाला कडी लावू नकोस," वरच्या गॅलरीतून दावोन म्हणाली. "मावशीला चालत नाही."

मी लावलेली कडी पुन्हा काढली. लाओसमध्ये, विएन्तिआनला माझी ती पहिलीच संध्याकाळ. नदीवर चक्कर मारून परत येत होतो. मी इस्लामपूरचा माणूस, आत आलो की हात आपोआप कडीकडे जातो.

"आणि चोर आला तर?" मी विचारलं.

"इथे? आला तरी कंटाळून परत जाईल."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. सकाळी टुकटुकवाल्यानं मला एका रस्त्यावर उतरवलं, तेव्हा रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं झोपलं होतं आणि वाहनं त्याला वळसा घालून जात होती. मी टुकटुकवाल्याला विचारलं, शहर कुठे आहे? त्यानं आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे, आणि म्हणाला, हेच. एका देशाची राजधानी, आणि आमच्या रविवारच्या बाजाराइतकाही गलका नाही. मी तेव्हा पंचविशीत होतो. नोकरी सोडून पाठीवर पिशवी मारून निघालेलो, जग पाहायला. म्हणजे घरी तसं सांगून निघालेलो.

ते घर लाकडी होतं. वर भाड्याच्या चार खोल्या, खाली स्वयंपाकघर, पुढे थोडं अंगण आणि ते कधी कडी न लागणारं फाटक. मालकीणबाईंचं नाव बुआखाम. साठी ओलांडलेली, ठेंगणी, कायम हसतमुख बाई. सगळे तिला मॅ म्हणायचे. मॅ म्हणजे आई, आणि आईला आपण अहोजाहो करत नाही, म्हणून मीही करत नाही. दावोन ही तिची भाची, चाळिशीकडे झुकलेली, दक्षिणेला सावन्नाखेतच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी. शाळेच्या सुट्टीत मावशीकडे आली होती. घरात इंग्रजी येणारी ती एकटीच. मॅ आणि मी हातवारे करून बोलायचो आणि अडलं की दावोनला हाक मारायचो.

पहिल्याच जेवणाला मॅनं मला आपलंसं केलं. बाकीचे दोन पाहुणे गोरे होते, ते चिकट भाताशी काट्याचमच्यानं झटापट करत होते. मी सरळ बांबूच्या टोपलीत हात घातला, भाताचा गोळा केला, अंगठ्यानं दाबला आणि चटणीत बुडवून तोंडात टाकला. मॅ माझ्याकडे बघतच राहिली. मग दावोनला काहीतरी म्हणाली.

"विचारतेय, तुला हे कुणी शिकवलं?"

"आमच्याकडे सगळेच हातानं जेवतात."

मॅला ते ऐकून इतका आनंद झाला की तिनं तिच्या ताटातला मासा माझ्या ताटात ठेवला. निशिकांत हे नाव काही तिच्या जिभेवर बसेना. तिनं त्याचं 'निसी' केलं आणि विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परसात केळीची पानं कापून, पुसून, चळत लावून ठेवणं चाललं होतं. मी पायरीवर बसून बघत होतो. जिन्याखाली एक पत्र्याची ट्रंक बांधून तयार होती.

"कोण चाललंय?" मी दावोनला विचारलं.

"मावशी. माझ्याबरोबर, कायमची." तिनं आवाज खाली आणला. मॅला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, तरी आणला. "दोनदा न्हाणीत पडली. हृदयाचं दुखणं आहे. डॉक्टर म्हणतात, एकटीनं राहायचं नाही. दहा वर्षं मी मागे लागलेय. आता कुठे हो म्हणालीय."

"इतकी वर्षं का नाही म्हणाली?"

दावोननं भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. पांढऱ्या शर्टातला, केस चापून बसवलेला एक तरुण. "माझे काका, मावशीचा नवरा. खामसिंग." नाव ऐकून मला तो आपल्याकडचाच कुणीतरी वाटला. तो रेडिओ आणि घड्याळं दुरुस्त करायचा. सत्याहत्तर साली, नव्या राजवटीला भिऊन खूपजण नदी ओलांडून जात होते त्या दिवसांत, तोही एका होडीत बसून पलीकडे थायलंडला गेला. जाताना म्हणाला, महिन्याभरात येतो, फाटक उघडं ठेव. त्याला सत्तावीस वर्षं झाली होती. पत्र नाही, निरोप नाही. पलीकडचा काठ मॅच्या गॅलरीतून दिसायचा, माणसं चालताना दिसायची.

"म्हणून कडी नाही," मी म्हणालो.

"म्हणून कडी नाही. पण आता ती म्हणते, उद्याचा सण झाला की मी मोकळी. उद्या पहाटे चारला देवळात जायचंय. येशील?"

मी येतो म्हणालो. कसला सण, हे विचारायचं मला सुचलं नाही. संध्याकाळी इंटरनेट कॅफेतून आईला फोन लावला. दोन मिनिटांच्या बोलण्यात आईनं जेवलास का, पैसे आहेत का, आणि उद्या अमावास्या आहे, कुठे पाण्याबिण्यात उतरू नकोस, एवढं सगळं बसवलं. मी नेहमीसारखा हसलो. माझ्या हसण्याचं कारण तिला चांगलं माहीत होतं.

ते तुम्हालाही सांगायला हवं. कॉलेजात असताना मी अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या एका गटात होतो, आणि हिरिरीनं होतो. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गावोगावच्या तिकाटण्यांवर जायचो. तिथे कुणाचा ना कुणाचा उतारा पडलेला असायचा. भात, लिंबू, हळदकुंकू, विड्याचं पान, कधी विडी. लोक लांबून वळसा घालून जायचे. मी तो उतारा पायानं उडवायचो आणि लिंबू चार लोकांसमोर कापून खायचो. टाळ्या पडायच्या. वडिलांच्या दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना, सगळे तासभर ताटकळले, तेव्हाही मी आईला म्हणालो होतो की कावळ्याचं पोट भरलेलं असेल. आई त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

पहाटे चारला मला काही जाग आली नाही. उठलो तेव्हा उजाडत होतं. घर रिकामं. स्वयंपाकघराच्या टेबलावर निमुळत्या तोंडाचं पितळी भांडं पाण्यानं भरून ठेवलेलं दिसलं, बहुतेक न्यायचं विसरलं असावं. मी चूळ भरली आणि अंगणात आलो.

फाटकाच्या खांबाशी, बाहेरच्या अंगाला, काहीतरी ठेवलं होतं. केळीच्या पानाची पुडी, बांबूच्या पातळ कामटीनं बांधलेली. शेजारी झेंडूची दोन फुलं, विड्याचं पान, एक सिगरेट, आणि जळत जळत बोटभर उरलेली मेणबत्ती.

उतारा. मला दुसरं काही वाटलंच नाही. अमावास्या, फाटकाचं तोंड, पान, सिगरेट, सगळं जिथल्या तिथे. कुणीतरी या गरीब बाईच्या दारात ही घाण आणून टाकली होती, तीही ती घर सोडून निघालेली असताना. देवळातून येऊन तिनं हे पाहिलं तर तिच्या दुखऱ्या हृदयाचं काय होईल? मला खरोखर तिची काळजी वाटली. हे मी स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही, होतं तसं सांगतोय.

पण मी ती पुडी हातानं उचलली नाही. लिंबं कापून खाणारा मी परसातून खराटा घेऊन आलो. मेणबत्ती विझवली, फुलं, पान, सिगरेट लोटली, आणि पुडी ढकलत ढकलत रस्त्यापलीकडे नेऊन गटाराच्या काठावरून खाली सोडली. मग जागा स्वच्छ झाडली. परत येऊन न्हाणीत गुडघ्यापर्यंत पाय धुतले. का धुतले, ते विचारू नका.

स्वयंपाकघरात आलो तर टेबलावरचं पितळी भांडं नव्हतं. मला वाटलं, मघाशी मीच नीट पाहिलं नसेल.

सातच्या सुमाराला दोघी परत आल्या. मॅनं ठेवणीतलं रेशमी लुगडं नेसलं होतं, खांद्यावर पांढरं उपरणं. दावोनच्या हातात ते पितळी भांडं होतं, आता रिकामं. मी जिन्यावरून हात हलवला. मॅचं लक्ष नव्हतं. ती सरळ खांबापाशी गेली आणि खाली वाकली.

बराच वेळ ती तशीच वाकलेली होती. मग उठली, कुंपणाच्या कडेनं शोधू लागली, रस्ता ओलांडून गेली, गटारात डोकावली. लुगड्याचा घोळ एका हातानं वर धरून ती खाली उतरली. ती वर आली तेव्हा तिच्या हातात पुडी होती.

पायरीवर बसून तिनं गाठ सोडली. आत चिकट भात, केळं, भाजलेल्या माशाचा तुकडा. बाहेरून पान चिखलानं माखलं होतं, आत सगळं जसंच्या तसं. साधी मुंगीसुद्धा लागलेली नव्हती. मॅ भाताकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती भरभर बोलत होती.

"काय झालं?" मी दावोनला विचारलं.

दावोन थांबत थांबत सांगू लागली. "आज मेलेल्यांचा दिवस. वर्षातून एकदा त्यांना नरकातून सोडतात आणि ते भुकेले येतात. आपण त्यांच्यासाठी पुड्या बांधून जमिनीवर ठेवतो, देवळाच्या आवारात, झाडांखाली. सकाळी मुंग्या, पाखरं, कुत्री ती उघडतात. उघडलेली दिसली की समजायचं, आपल्या माणसाला पोचलं. काकांसाठी मावशीनं सत्तावीस वर्षांत एकदाही पुडी ठेवली नव्हती. ठेवली म्हणजे तो मेला, असं होईल म्हणून. या वर्षी ठेवली. देवळात नाही, इथे. म्हणाली, त्याला फाटक माहीत आहे."

मॅनं दावोनचा हात धरून पुन्हा काहीतरी सांगितलं.

"ती म्हणतेय, त्यानं परत केली," दावोन म्हणाली. "उघडलीसुद्धा नाही, रस्त्यापलीकडे टाकून दिली. म्हणतेय, जिवंत माणूस मेलेल्याचं जेवण कसं घेईल?"

मला घाट आठवला. पिंडासमोर हात जोडून बसलेली आई आठवली, आणि शेवटी कावळा उतरल्यावर तिनं सोडलेला श्वास आठवला. त्या क्षणी मला सगळं कळलं. म्हणजे काय मोडलं ते कळलं, आणि कुणी मोडलं तेही.

"निशिकांत," दावोन म्हणाली, "तू घरीच होतास. फाटकापाशी काही पाहिलंस? कुणी आलं होतं?"

तिनं तोच प्रश्न मॅला तिच्या भाषेत सांगितला, आणि दोघी माझ्याकडे बघू लागल्या. मॅच्या चेहऱ्यावर असा उजेड होता की मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

"नाही," मी म्हणालो. "मी आत्ताच उठलो."

दावोननं मान हलवली आणि ते मॅला सांगितलं. मॅ उठली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि चूल पेटवायला गेली.

त्या दिवशी दुपारी जिन्याखालची ट्रंक उघडली गेली. मॅ एकेक कपडा काढून पुन्हा कपाटात लावत होती आणि गुणगुणत होती. दावोन भिंतीला टेकून उभी होती. मी पाणी प्यायला आत गेलो, तेव्हा तिनं मला पुन्हा विचारलं.

"नक्की काही पाहिलं नाहीस? एखादं कुत्रंबित्रं?"

"नाही."

"आठवून बघ. तू सांगितलंस तर मी तिला सांगेन."

"खरंच नाही, दावोन."

तीन दिवस मी तिथे राहिलो. बोलायचं ठरवून रोज सकाळी खाली यायचो आणि मॅ माझ्यापुढे भाताची टोपली ठेवायची. लाओसमध्ये सगळ्याला एकच उत्तर असतं, बो पेन न्यांग, काही हरकत नाही. पाणी सांडलं, बस चुकली, भाडं द्यायला उशीर झाला, बो पेन न्यांग. मी सांगितलं असतं तर कदाचित मॅ तेच म्हणाली असती. मला त्याचीच भीती वाटत होती. मी स्वतःला समजावलं की म्हातारीला किती आनंद झालाय बघ, खरं सांगून तो हिरावणारा तू कोण. कारणं काय, हवी तितकी सापडतात. खरं कारण एवढंच की मला लाज वाटत होती. गावोगाव शहाणपण पाजळत फिरणाऱ्या माझ्या तोंडून एक साधं वाक्य निघत नव्हतं.

निघायच्या दिवशी मॅनं माझ्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. बांधताना पुटपुटत होती. माणसाचे प्राण प्रवासात इकडेतिकडे भटकतात, ते आपल्या जागी राहावेत म्हणून हा दोरा, असं दावोननं सांगितलं. मला असले दोरे कात्रीनं कापायची सवय होती. तो मी कुजून गळून पडेपर्यंत हातात ठेवला.

दावोन बसपर्यंत सोडायला आली. पिशवी टपावर चढवून झाल्यावर म्हणाली, "मला उद्या परत जायचंय. शाळा सुरू होतेय. मावशी येत नाही. मी फार सांगून पाहिलं." मग अगदी हळू, "जायच्या आधी तुला मला काही सांगायचंय?"

"सगळ्याबद्दल आभार," मी म्हणालो.

"नीट जा," ती म्हणाली आणि वळली. बस सुटली तेव्हा मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. ते वाटणं मी आजवर स्वतःला माफ केलेलं नाही.

त्यानंतर एप्रिलमधल्या त्यांच्या नववर्षाला मी दावोनला ईमेल करायचो आणि तिचं चार ओळींचं उत्तर यायचं. मावशी बरी आहे. मावशीचे गुडघे गेले. मावशीनं खोल्या भाड्यानं देणं बंद केलं. मी महिन्यातून एकदा आठ तास बसनं जाऊन येते. मावशी अजून फाटक लावत नाही. दर उत्तरात मॅची एखादी ओळ असायची, निसीनं लग्न केलं का विचारतेय. मी लग्न केलं, मुलगी झाली, केस पिकायला लागले. त्या गटाच्या सभांना जाणं मी केव्हाच सोडलं होतं. लोकांना वाटायचं, संसारात पडला. मी कुणाला काही सांगितलं नाही.

अकराव्या वर्षी, पावसाळ्यात, दावोनची ईमेल नववर्ष नसताना आली. मावशी गेली. फाटकाशेजारी वेताच्या खुर्चीत बसायची, तशीच. आदल्या संध्याकाळी गेली असावी. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारणीनं हाक मारली, तेव्हा कळलं. मी सावन्नाखेतहून पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला.

त्या रात्री मी सगळं लिहिलं. खराटा, मेणबत्ती, गटार, धुतलेले पाय, काही म्हणजे काही वगळलं नाही. अकरा वर्षं जे वाक्य तोंडातून निघालं नव्हतं, ते मॅ ऐकायला नसताना झरझर निघालं. माफी मागितली आणि पाठवून दिलं. उत्तर महिन्याभरानं आलं, त्यांचा तो सण होऊन गेल्यावर. इथे ते मी मराठीत देतोय.

"निशिकांत, या वर्षी मी फाटकापाशी दोन पुड्या ठेवल्या, काका आणि मावशी दोघांच्या. सकाळी दोन्हींना मुंग्या लागल्या होत्या. मावशीचीही उघडली होती, काकांचीही.

तू लिहिलंस ते मला माहीत होतं. त्या पहाटे देवळात पाणी ओतायचं भांडं आम्ही घरी विसरलो होतो. ते न्यायला मी मागच्या गल्लीनं आले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तू खराटा घेऊन दिसलास. तू काय करतोयस ते मला कळायच्या आत पुडी रस्त्यापलीकडे गेली होती. हाक मारणार होते. पण वाटलं, तुला माहीत नाही, मावशी आली की तू आपणहून सांगशील आणि ती हसून दुसरी पुडी बांधेल.

मी का सांगितलं नाही, असं तू विचारशील. दहा वर्षं मी तिला घर सोडायला सांगत होते. माझ्या तोंडून ते ऐकलं असतं तर तिला वाटलं असतं, मला घेऊन जायला भाची खोटं बोलतेय. तू परका होतास, तुझा त्यात काही लाभ नव्हता. तिनं फक्त तुझ्यावर विश्वास ठेवला असता. म्हणून मी तुला तीनदा विचारलं."